देठ आधी तोडलं, दिसलं नंतर: प्रतिपिंडाच्या आकाराचा शोध

खानापूरच्या रानात किंवा निपाणी-चिकोडीकडच्या उसात कुणाला पान लागलं, की दवाखान्यात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर चालणारं इंजेक्शन देतात. ते घोड्याच्या रक्तातल्या प्रतिपिंडांपासून, म्हणजे अँटिबॉडींपासून बनतं. पण त्यातला रेणू अख्खा नसतो. वाय आकाराच्या या रेणूचं देठ पेप्सिन या प्रथिनं तोडणाऱ्या पाचक द्रव्यानं तोडलेलं असतं, विष धरणारे दोन हात तेवढे ठेवलेले असतात.

घोड्याच्या रक्तद्रवाचं औषध १८९०च्या दशकातलं. रुग्णाला रिअॅक्शन कमी यावी म्हणून पेप्सिन वापरायची रीत १९३०च्या दशकात आली. नेमकं काय तुटतंय, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. आपल्या बेळगावात टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोत देवीची लस बनायची, तीही प्रतिपिंड कसा दिसतो हे कळण्याच्या कितीतरी आधीपासून.

१९५९च्या सुमारास रॉडनी पोर्टर यांनी रेणूचे तुकडे केले, जेराल्ड एडेलमन यांनी त्याच्या साखळ्या सोडवल्या. १९७२चं नोबेल दोघांना मिळालं. आकार मात्र अनुमानानंच ठरत होता, कारण रेणू जेमतेम १५ नॅनोमीटरचा आणि साध्या सूक्ष्मदर्शकाची मजल २०० नॅनोमीटरपर्यंतच.

१९६७ साली व्हॅलेंटाइन आणि ग्रीन यांनी दोन्ही टोकांना प्रतिपिंड चिकटेल असा छोटा रेणू वापरला आणि मिश्रण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. प्रतिपिंड हातात हात घालून त्रिकोण, चौकोन करून बसलेले दिसले. प्रत्येक कोपऱ्यातून एक खुंट बाहेर आला होता. पेप्सिन घातल्यावर खुंट गेले, त्रिकोण तसेच राहिले. या सगळ्या इतिहासात मला हाच प्रयोग सर्वांत सुंदर वाटतो. औषध बनवणारे इतकी वर्षं काय तोडत होते, ते त्यात उघड दिसलं.

पुढे स्फटिकांवर क्ष-किरण टाकून अणूंची जागाही कळली. तरी एक अडचण उरली. रेणूचे हात बिजागरीवर हलतात, त्यामुळे हजारो रेणूंची सरासरी काढली की तेच पुसट होतात. म्हणून एकच रेणू गोठवून, तिरपा करत, अनेक कोनांतून टिपायची पद्धत आली. स्वीडनमध्ये २००४ साली आणि अमेरिकेत गँग रेन यांच्या गटानं २०१२ साली असे सुटे प्रतिपिंड पाहिले. प्रत्येकाची ठेवण वेगळी निघाली. इलेक्ट्रॉनांचा फार मारा रेणूला सोसत नाही, म्हणून या चित्रांत अणू दिसत नाहीत. हातांचा कोन मात्र मोजता येतो.