गुडघ्यावरचा फुगा

सुती पायजमा घालून तासभर मांडी घालून बसा आणि मग उभे राहा. गुडघ्यापाशी कापडाला फुगा आलेला दिसेल. पाय सरळ झाले, कापड मात्र अजून बसलेलंच आहे. घरात त्यानं कुणाचं काही बिघडत नाही. पण पायाची रेष हेच ज्या कलेचं भांडवल, त्या बॅलेच्या रंगमंचावर, झगझगीत दिव्यांखाली नर्तकीच्या गुडघ्यावर असा फुगा आला तर सगळा डौलच गेला. बॅलेवाल्यांनी पिढ्यानपिढ्या या फुग्याशी झगडा केला. तो अखेर आटोक्यात आला रसायनशास्त्रामुळे, आणि त्याच्या जोरावर 1960 च्या दशकात लंडनच्या रस्त्यावरच्या मुलींचा पेहरावही पार बदलून गेला.

आधी गुडघा किती मागतो ते पाहू. उभं राहून गुडघ्याच्या वाटीच्या वर आणि खाली, बरोबर 10 सेंटीमीटर अंतरावर बॉलपेननं दोन ठिपके काढा. आता उकिडवे बसा आणि शिंप्याची टेप त्वचेवर टेकवून पुन्हा मोजा. अंतर साडेतेरा-चौदाच्या आसपास भरतं. म्हणजे त्वचा तिथे जवळजवळ 40 टक्के ताणली जाते, आणि उभं राहताच मुकाट्यानं पूर्वपदावर येते. बॅलेच्या वर्गात अशा पूर्ण वाकण्याला ‘ग्राँ प्लिए’ म्हणतात आणि ते रोजच्या सरावात असतं. पायावर चढवलेल्या कापडानं त्वचेइतकंच ताणलं जावं आणि त्वचेइतक्याच वेगानं परत यावं, ही नर्तकीची साधी अपेक्षा. तिचा पहिला अर्धा भाग सोपा, दुसरा महाकठीण.

मागावरचं कापड उभ्या-आडव्या धाग्यांचं. धाग्याच्या दिशेनं ते फारसं हलत नाही, म्हणून त्याचा पायजमा ढगळच शिवावा लागतो. होजिअरीचं कापड म्हणजे फाशात अडकवलेले फासे. ओढलं की प्रत्येक फासा उभट होतो आणि धागा न ताणताही कापड लांबतं. स्वेटर डोक्यातून उतरतो तो याच कारणानं. पण फासा उभट झाल्यावर त्याला पुन्हा गोल कोण करणार? धागे एकमेकांवर घासून जागच्या जागी अडकतात. सुती किंवा रेशमी धाग्यात स्वतःची ओढ अशी फार नसते. म्हणून रेशमी विणलेल्या टाइट्स, म्हणजे कमरेपासून बोटांपर्यंत पायाला चिकटून बसणारे लांब मोजे, घालणारे जुने नर्तक कमरेशी कापडाच्या काठात नाणं गुंडाळत, त्याभोवती पट्टी आवळत आणि सगळं वर खेचून बांधत. प्रेक्षकांना परी दिसायची आणि परीच्या कमरेला चिल्लर खोचलेली असायची.

मग आलं नायलॉन. अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीत वॉलेस कॅरोदर्स यांच्या गटानं ते 1935 मध्ये बनवलं आणि 15 मे 1940 रोजी नायलॉनचे लांब मोजे अमेरिकाभर विक्रीला आले. ते भलतेच बारीक धाग्याचे होते. हा बारीकपणा डेनिअरमध्ये मोजतात. 9000 मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितके डेनिअर. 15 डेनिअरचा धागा दादरपासून बोरीबंदरपर्यंत सोडला तर त्याचं वजन भरेल जेमतेम तीन चमचे साखरेइतकं. पण हा धागा सरळ आणि गुळगुळीत. ज्यांनी नायलॉनच्या साडीचा पदर दिवसभर सावरलाय, त्यांना त्याचा स्वभाव वेगळा सांगायला नको. त्याचे मोजे पायाच्या आकारात तापवून बसवावे लागत आणि वर पट्ट्याच्या चिमट्यांनी टांगून ठेवावे लागत. नुसता बारीकपणा नर्तकीच्या कामाचा नव्हता.

कामाला आली ती वेणी. खरंच. ओल्या केसांची घट्ट वेणी घालून झोपलं की सकाळी सोडलेल्या केसांना लाटा पडलेल्या असतात. केसातल्या प्रथिनांच्या साखळ्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. पाण्यानं ते बंध सुटतात, वेणीत केस वाकलेले असताना वाळतात आणि बंध नव्या जागी बसतात. आता गंमत अशी की केस, रेशीम आणि नायलॉन हे रसायनाच्या दृष्टीनं चुलतभाऊ आहेत. तिघांच्या साखळीत एकच सांधा पुन्हा पुन्हा येतो, त्याला अमाइड म्हणतात, आणि तिघांतही शेजारच्या साखळ्यांना धरून ठेवतात ते हायड्रोजन बंधच. नायलॉनच्या बाबतीत हे बंध पाण्याऐवजी उष्णतेनं सैल करतात. धाग्याला कडक पीळ द्यायचा, पिळलेला असतानाच तापवायचं, थंड करायचं आणि पीळ उलगडायचा. पीळ जातो, पण धाग्याला त्याची आठवण राहते. प्रत्येक तंतू चिमुकल्या स्प्रिंगसारखा वेटोळं घालून बसतो. केसांच्या लाटा न्हाल्यावर जातात. या जात नाहीत, कारण नायलॉन पाणी जेमतेमच पितं.

कारखान्यात हा सगळा खेळ धावत्या धाग्यावर होतो. धाग्याची दोन टोकं धरून मधोमध फिरकी दिली तर एका बाजूला उजवा पीळ बसतो आणि दुसऱ्या बाजूला डावा. फिरकीच्या अलीकडे पीळ चढतो, तिथेच तापवणं आणि थंड करणं उरकायचं. फिरकी ओलांडली की पीळ आपोआप उतरतो. हाती उरतो तो फक्त कुरळेपणा. म्हणून याला खोटा पीळ म्हणतात. स्वित्झर्लंडच्या हेबरलाइन कंपनीचा हेलांका हा अशा कुरळ्या धाग्यांपैकी गाजलेला. घरात लवचीक नायलॉनचा जुना मोजा असेल तर काठाचा एक धागा उसवून काळ्या कागदावर ठेवा आणि भिंगातून बघा. ओढलात की तो सरळ, सोडलात की पुन्हा गुरगुटून बसतो. जी ओढ रेशमात नव्हती, ती इथे धाग्यातच आहे.

याच सुमाराला दुसरी वाट फुटली. साधा रबरबँड ओठाला लावून झटकन ताणा, किंचित गरम लागेल. ताणलेलाच जरा वेळ धरा आणि सैल सोडा, आता गार लागेल. रबराचे लांब रेणू मोकळे असताना गुंतवळीसारखे अस्ताव्यस्त असतात. ताणल्यावर ते सरळ रांगेत येतात, आणि उष्णतेची सततची थरथर त्यांना पुन्हा अस्ताव्यस्ततेकडे खेचते. स्प्रिंगसारखं काही वाकलेलं नसताना रबर परत येतं ते असं. पण रबराला घाम, अंगाचं तेल, साबण काहीच मानवत नाही. ड्यूपाँटच्याच जोसेफ शिव्हर्स यांनी 1958 मध्ये जो धागा साधला, त्यात लांब मऊ तुकडे आणि आखूड ताठ तुकडे एकाआड एक जोडलेले होते. मऊ तुकडे गुंतवळीचं काम करतात, ताठ तुकडे एकमेकांना बिलगून गाठी मारतात, म्हणून साखळ्या घसरत नाहीत. मूळच्या पाचपट ताणूनही धागा परत. बाजारातलं त्याचं नाव लायक्रा. 1962 पासून त्याचं मोठं उत्पादन सुरू झालं. तरी साठच्या दशकातल्या टाइट्सचं श्रेय सरसकट लायक्राला देऊ नये. लायक्रा आधी गेला कमरेच्या आवळपट्ट्यांत आणि पोहण्याच्या पोशाखात. पाय झाकले ते मुख्यतः कुरळ्या नायलॉननं.

लंडनच्या किंग्ज रोडवर पोशाखकार मेरी क्वांट यांनी 1955 मध्ये ‘बझार’ नावाचं दुकान थाटलं होतं. लहानपणी नृत्यवर्गाच्या दारातून पाहिलेली एक मुलगी त्यांच्या डोक्यातून कधी गेली नाही, असं त्या सांगत. नाच बॅले नव्हता, टॅप होता. आखूड काळा स्कर्ट, काळ्या टाइट्स, घोट्याशी पांढरे मोजे. म्हणजे हलणाऱ्या शरीराचा पोशाख. पुढे त्यांच्या दुकानातले स्कर्ट आखूड होत गेले, आणि आणखी आखूड करा म्हणून मुलीच हट्ट धरत, असंही त्यांनी सांगितलंय. मिनीस्कर्टची आई कोण, यावर पॅरिसचे पोशाखकार आंद्रे कुरेज यांच्या बाजूनंही दावा आहे. त्या भांडणात मला रस नाही. मला रस आहे तो चिमट्यांत.

लांब मोजे मांडीच्या मध्यावर संपतात आणि तिथे त्यांना चिमटे लागतात. स्कर्ट वीतभर वर गेला की बसताना, जिना चढताना, बस पकडताना चिमट्यांचं प्रदर्शन. नर्तकी इतकी वर्षं जे घालत होती तेच इथे हवं होतं, कमरेपासून बोटांपर्यंत एकसंध. अमेरिकेत ॲलन गँट यांच्या ग्लेन रेव्हन गिरणीनं 1959 मध्ये चड्डी आणि मोजे जोडून तसा प्रकार बाजारात आणला. त्यांच्या गर्भवती पत्नीला पट्टा-चिमटे असह्य झाले होते, तिथून ही कल्पना निघाली असं सांगतात. सुरुवातीला खप बेताचाच होता. स्कर्ट वर सरकले आणि मग मागणी धावली. क्वांट यांनी तर टाइट्स भडक रंगांत आणल्या. आता पाय झाकायचे नव्हते, रंगवायचे होते.

तिकडे न्यूयॉर्कमध्ये बॅलेचे नृत्यदिग्दर्शक जॉर्ज बॅलनशाइन यांनी नर्तकींना सरावाच्या साध्या कपड्यांतच रंगमंचावर उभं केलं होतं. 1957 च्या ‘अ‍ॅगॉन’मध्ये ना झालर, ना मुकुट, नुसता लिओटार्ड, म्हणजे धडाला चिकटून बसणारा एकसंध पोशाख, आणि टाइट्स. (लिओटार्ड हे नाव झोक्यावरच्या कसरती करणाऱ्या एका फ्रेंच पुरुषाचं, झ्यूल लेओतार याचं. बायकांच्या कपाटात त्याचं नाव अजून लटकतंय.) कपड्यानं शरीराला आकार देण्याऐवजी शरीरानं कपड्याला द्यावा, हा विचार कॅलिफोर्नियात पोशाखकार रूडी गर्नराइक यांनी विणलेल्या पोशाखांत पुढे नेला. तेही एके काळी नर्तक होते, यात मला नवल वाटत नाही.

बुटांचं थोडक्यात. बॅलेचा मऊ बूट उलटा शिवतात आणि मग सुलटा करतात, अगदी उशीच्या अभ्र्यासारखा. पॅरिसच्या रोज रेपेटो यांनी 1956 मध्ये फ्रेंच नटी ब्रिजित बार्दोसाठी त्याच पद्धतीनं रस्त्यावर घालायचा सपाट बूट केला. बार्दो स्वतः बॅले शिकलेल्या. साठच्या दशकात टोकदार टाचेला हा सपाट पर्याय तयारच होता.

आज आपल्याकडे कुर्त्याखाली लेगिंग्ज घालतात, तिच्या लेबलावर ‘95 टक्के कॉटन, 5 टक्के इलास्टेन’ असं काहीसं असतं. इलास्टेन म्हणजे शिव्हर्स यांचाच धागा. परत येण्याचं काम हे पाच टक्केच करतात. कडक इस्त्री, गरम पाणी आणि ब्लीच यांनी तो तुटत जातो. दोन वर्षं वापरलेल्या लेगिंग्जच्या शिवणीजवळ पांढरे, रबरी, आखूड केसांसारखे तंतू डोकं वर काढतात, ते त्याचेच तुकडे. ते दिसू लागले की समजायचं, आता मांडी घालून उठल्यावर गुडघ्याला पुन्हा फुगा येणार.