मृगाचा पाऊस आणि नैरोबीची ऑर्डर

वाळूज एमआयडीसीत माझ्या ओळखीचे एक कारखानदार आहेत. दोन सीएनसी, एक जुनं लेथ मशीन, आठ माणसं. दुचाकीला लागणारे बुश आणि पिन ते बनवतात. जवळपास सगळा माल वाहन कंपनीला पार्ट पुरवणाऱ्या एकाच बड्या वेंडरकडे जातो. मागे त्यांना नैरोबीच्या एका स्पेअर पार्टच्या व्यापाऱ्याकडून विचारणा आली. पूर्व आफ्रिकेत 'बोडा बोडा' नावाच्या भाड्याच्या मोटारसायकली धावतात आणि त्यांत भारतीय गाड्या भरपूर आहेत. म्हणजे गाडी आधीच पोचलेली, पार्ट तेवढा जायचा राहिलेला. भावही इथल्यापेक्षा बरा होता. तरी त्यांनी नाही म्हटलं.

"सर, इथं पेमेंट अडकलं तर मी त्याच्या दारात जाऊन बसतो. नैरोबीत कुणाच्या दारात बसू?"

प्रश्न चोख आहे. पण याच माणसाचा भाऊ गंगापूर तालुक्यात कोरडवाहू कपाशी लावतो आणि घरचा पैसा दरवर्षी त्यात जातो. मृग कोरडा गेला की बियाणं मातीत. इकडे कारखान्याला गिऱ्हाईक एकच. उद्या वरच्या कंपनीनं मॉडेल बदललं तर शेड रिकामी. या दोन्हींना ते जोखीम म्हणत नाहीत. एकाला शेती म्हणतात, दुसऱ्याला धंदा. जुगार फक्त नैरोबीचा!

यात त्यांचं काही वेगळं चाललेलं नाही. माणसाचं डोकं धोक्याचा अंदाज बांधतं तो असाच. मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोव्हिक यांनी 1987 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिलं, की सामान्य माणूस धोका मोजताना आकडे कमी आणि दोन गोष्टी जास्त बघतो : त्याची धास्ती किती वाटते आणि तो अनोळखी किती आहे. म्हणून अणुभट्टीची भीती वाटते आणि रोजच्या गाडीची वाटत नाही. दुष्काळ मराठवाड्याच्या अंगवळणी पडलेला आहे. नैरोबीचा व्यापारी नाही.

दुसरी गोष्ट नुकसानीच्या वजनाची. डॅनियल काहनमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी 1979 मध्ये मांडलेल्या सिद्धांताप्रमाणे गमावल्याचं दुःख कमावल्याच्या आनंदापेक्षा जड असतं. किती जड? 1992 मध्ये त्यांनी प्रयोगांतून काढलेला आकडा साधारण सव्वादोन पट होता. शंभर रुपये जाण्याची शक्यता निम्मी असेल, तर समोर सव्वादोनशे दिसल्याशिवाय माणूस डाव लावत नाही. लहान कारखान्यात हे वजन आणखी वाढत असणार, असं मला वाटतं, कारण तिथं घराचा आणि कंपनीचा खिसा एकच असतो. कर्जाला तारण बहुधा राहतं घर. मोठ्या कंपनीत संचालक मंडळ असतं, सल्लागार असतात. इथं मालकाला रात्री झोप लागली नाही, की तेच कंपनीचं धोरण.

जेम्स मार्च आणि झुर शपिरा यांच्या 1987 च्या शोधनिबंधातलं निरीक्षण तर वाळूजच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर पटेल. व्यवस्थापक शक्यता आणि रक्कम यांचा गुणाकार करत बसत नाहीत. ते विचारतात, "वाईटात वाईट किती जाईल?" शिवाय ठरवलेल्या उद्दिष्टाच्या जरा मागे पडलेला माणूस जास्त धाडस करतो आणि उद्दिष्ट गाठलेला जपून राहतो. 2019 मध्ये वाहन उद्योगात मंदी आली, तशा वेळी एरवी परदेशाचं नाव न काढणाऱ्याला निर्यातीची आठवण होते. पंचाईत अशी, की तेव्हा त्याची गरज उघडी पडलेली असते आणि भाव समोरचा ठरवतो. निर्यातीचा विचार हातात ऑर्डर असताना करायला हवा. नेमका तेव्हा तो कुणी करत नाही.

मग कंपन्या बाहेर जातात तरी कशा? स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातले यान योहान्सन आणि यान-एरिक वाल्ने यांनी 1977 मध्ये याचं उत्तर मांडलं. कंपन्या आधी भाषा, रीतभात, कायदा ओळखीचा वाटणाऱ्या देशात जातात. मग अनुभव येईल तसतसा पाय लांब टाकतात. बाजाराचं खरं ज्ञान पुस्तकातून मिळत नाही, तिथं माल विकूनच मिळतं. हे अंतर मैलात नसतं, मनात असतं. आपल्याकडे दुबई जवळची वाटते, कारण गल्लीतलं कुणीतरी तिथं नोकरीला असतं. मात्र ओळखीचं वाटणंही फसवतं. कॅनडातली दुकानं अमेरिकेत गेली तेव्हा 'हे तर आपल्यासारखंच' असं समजून कित्येक जण तोंडावर आपटले. गिऱ्हाईक वेगळं आहे, हे फार उशिरा लक्षात आलं.

आता त्या दाराच्या प्रश्नाकडे. त्याला जुनी उत्तरं आहेत. लेटर ऑफ क्रेडिटमध्ये कागदपत्रं बिनचूक असतील तर पैसे देण्याची हमी खरेदीदाराची बँक घेते (कागदात चूक निघाली तर तीच बँक पैसे अडवू शकते, हेही खरं). 1957 पासून चालत आलेली ईसीजीसी ही सरकारी कंपनी परदेशी खरेदीदारानं पैसे बुडवले, तर विम्यातून भरपाई देते. विम्यानं जोखीम नाहीशी होत नाही, पण बेहिशेबी भीतीचा हप्ता ठरतो. सारस सरस्वती यांनी 2001 मध्ये मांडलेला विचार मला याहून कामाचा वाटतो. मुरलेले उद्योजक 'किती मिळेल' यापेक्षा 'किती गेलं तरी चालेल' तिथून सुरुवात करतात.

आमच्या कारखानदारांनी तेच केलं, सरस्वतींचं नाव न ऐकता. सहा महिन्यांनी त्याच व्यापाऱ्याचा पुन्हा मेल आला. यांनी दोन खोकी सॅम्पल कबूल केली, पण पूर्ण पैसे आधी घेऊन. माल गेला, पोचला. एका बुशच्या मापावरून तक्रार आली, तीही निस्तरली. आता त्यांना दाराची काळजी नाही. डॉलर खाली आला तर काय, आणि पॅकिंगमधल्या मालाला दमट हवेत गंज चढला तर काय, असल्या काळज्या आहेत. त्यांची निदान किंमत तरी काढता येते.

मृगाच्या तोंडावर भाऊ बियाण्याला पैसे मागायला आला. ते त्यांनी दिले, एक चिठ्ठीही न लिहून घेता.