सोयाबीनच्या बॅगवरची विद्यापीठं

मृग लागायच्या आधी गावच्या कृषी केंद्रावर उभा होतो, शेजारचे काका बियाण्याची बॅग उलटीपालटी करत म्हणाले, "काबे, हे जेएस जेएस म्हंतात ते म्हंजे काय?" म्हटलं काका, जवाहर सोयाबीन, जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचं. मग बाकीच्या बॅगाही वाचून दाखवल्या, एमएयूएस म्हणजे परभणीचं, केडीएस म्हणजे सांगलीकडचं कसबे डिग्रज, ते राहुरी विद्यापीठाचं केंद्र, अन् एएमएस म्हणजे आपलं अमरावती, अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं.

आता जेएस ३३५ घ्या, १९९४ चं वाण, आलं मध्य प्रदेशातून अन् विदर्भात वावरावावरात पोचलं. दुसऱ्या राज्यातलं बी आपल्या काळ्या मातीत जमेल हे ठरतं कसं? त्यासाठी १९६७ पासून सोयाबीनचा अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प आहे, आता तो इंदूरहून चालतो. एकाच हंगामात तेच वाण वेगवेगळ्या विद्यापीठांच्या शेतावर छोट्या छोट्या प्लॉटमध्ये पेरतात, बाजूला तुलनेला एक जुनं वाण, मग फुलं कितव्या दिवशी आली, रोग किती, हेक्टरी उतारा किती, सगळं एकाच पद्धतीनं लिहून एकत्र करतात. एका जागी भरघोस अन् दुसरीकडे झोपलं तर ते वाण मागे पडतं. विदर्भ-मराठवाडा यात मध्य प्रदेशासोबत मध्य विभागात येतात, कारण गट पाडताना राज्याची हद्द नाही तर पाऊस-पाणी अन् माती बघतात, मला हे फार पटतं.

कारण विद्यापीठांना आपल्या मनानं जोडीदार निवडू दिला की वेगळंच होतं. २००८ मध्ये 'सायन्स' या विज्ञानाच्या नियतकालिकात अमेरिकेतल्या ६६२ विद्यापीठांचे १९७५ ते २००५ मधले ४२ लाख संशोधन-पेपर तपासलेला अभ्यास आला होता. वेगवेगळ्या विद्यापीठांनी मिळून लिहिलेले पेपर सगळ्यात वेगानं वाढले, अंतराचा अडसर कमी झाला, पण नामांकित विद्यापीठं नामांकितांशीच जास्त जोडली जात गेली, सोयरीक जमवताना घराणं बघतात ना तसं. अशात लहान गावचं केंद्र बाहेरच राहतं. समन्वित प्रकल्पात मात्र त्याच्या प्लॉटचा आकडा मोठ्या विद्यापीठाच्या आकड्याशेजारीच, त्याच तक्त्यात बसतो.

काकांनी सगळं ऐकलं अन् म्हणाले, "मंग आमच्या वावरातला आकडा कोण लिहिते?" तीही सोय आहे, आद्यरेखा प्रात्यक्षिक म्हणतात, कास्तकाराच्याच शेतात नवं वाण लावून त्याची नोंद ठेवतात, कृषी विज्ञान केंद्रात विचारायचं, पण पेरणीच्या आधी. काकांनी निळ्या टॅगची, म्हणजे प्रमाणित बियाण्याची, बॅग तिथंच ठेवली अन् केंद्राचा नंबर मागितला.