पार्टिशन विलीनीकरण

पार्टिशन विलीनीकरण : एका संगणकावर दोन ऑपरेटिंग सिस्टिम असताना त्यांतील एक काढून टाकल्यावर डिस्कच्या तिच्या विभागात (पार्टिशनमध्ये) रिकामी राहिलेली जागा उरलेल्या सिस्टिमच्या वापरात आणण्याची क्रिया. बहुतेक प्रकरणे विंडोज ठेवून लिनक्स काढण्याची असतात. ‘जागा परत मिळत नाही’ अशी तक्रार येते तेव्हा जागा नाहीशी झालेली नसते. ती कुणाच्याच नावावर नसते किंवा नको त्या ठिकाणी मोकळी असते. (५०० जीबीच्या डिस्कवर विंडोज सुमारे ४६५ जीबी दाखवते, त्यात लिनक्सचा काही दोष नाही. उत्पादक हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १,०२४ च्या.)

नोंदतक्ता : डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये पार्टिशनांचा तक्ता ठेवण्याची पद्धत आयबीएमच्या पीसी एक्सटीबरोबर मार्च १९८३ मध्ये आलेल्या पीसी डॉस २.० पासून रूढ झाली. या सेक्टरला एमबीआर म्हणतात. त्यात १६ बाइटच्या फक्त चार नोंदी मावतात. एक्सटीची डिस्क अवघी १० एमबीची होती, मग तिचे चार भाग करण्याची सोय कशासाठी, यावर दोन मते आहेत. एक मत असे, की डॉस, सीपी/एम-८६ यांसारख्या भिन्न सिस्टिम शेजारी शेजारी नांदाव्यात म्हणून ही रचना केली गेली. दुसऱ्या मतानुसार डॉसला मोठ्या डिस्क पेलत नसल्याने तुकडे करणे भाग पडले. पहिले मत अधिक पटते. प्रत्येक नोंदीत सिस्टिमचा प्रकार सांगणारा एक बाइट मुळापासून आहे, आणि पुढे त्रासदायक ठरलेली ३२ एमबीची मर्यादा १० एमबीच्या डिस्कला आडवी येण्याचा प्रश्नच नव्हता. थोडक्यात, दोन सिस्टिम बाळगण्याची कल्पना पार्टिशनइतकीच जुनी असावी.

चार नोंदी अपुऱ्या पडू लागल्यावर ज्याच्या पोटात आणखी पार्टिशन करता येतात असे ‘एक्स्टेंडेड’ पार्टिशन आले. काही लेखक त्याचे श्रेय डॉस ३.२ ला देतात. प्रत्यक्ष वापराच्या दृष्टीने १९८७ ची ३.३ ही आवृत्ती धरणे सयुक्तिक. हा तपशील जुन्या लॅपटॉपवर आजही नडतो. लिनक्स एक्स्टेंडेड पार्टिशनच्या पोटात बसवलेले असेल, तर ते काढल्यावर विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये त्या जागी काळी पट्टी न येता हिरवी येते. काळी जागा खऱ्या अर्थाने मोकळी. हिरवी मोकळी असली तरी एक्स्टेंडेडच्या कुंपणात अडकलेली. रिकामे झालेले ते कुंपणही काढल्याशिवाय ती सी ड्राइव्हला जोडता येत नाही.

प्रकार सांगणाऱ्या बाइटवर विसंबण्यात धोका असतो. षोडशमान पद्धतीतील ८३ हा क्रमांक लिनक्सचा, पण ८२ हा लिनक्सच्या स्वॅपने (मेमरी अपुरी पडल्यास वापरायच्या जागेने) आणि सोलारिस या सिस्टिमनेही वापरला आहे. पार्टिशन काढण्यापूर्वी त्याचा आकार पाहून खात्री करण्याचा शिरस्ता म्हणूनच योग्य ठरतो. एमबीआरच्या ३२-बिटी गणनेमुळे सुमारे २.२ टीबीपलीकडची जागा त्याला दिसत नाही. यूईएफआय या संगणक सुरू करणाऱ्या नव्या प्रणालीबरोबर रूढ झालेल्या जीपीटी तक्त्याने ही मर्यादा ओलांडली. त्यात साधारणपणे १२८ नोंदींची सोय असते आणि तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. एक्स्टेंडेडची भानगड तिथे उरत नाही.

काढणे आणि जोडणे : पार्टिशन काढल्याने त्यातील माहिती पुसली जात नाही. सातबाऱ्यावरचे नाव कमी झाले म्हणून माड-पोफळी जागच्या हलत नाहीत, तसेच हे आहे. आणि तिथल्याप्रमाणेच इथेही लगतचा तुकडाच आपल्या तुकड्यात घेता येतो. चुकून भलतेच पार्टिशन काढले गेले, तर त्या जागेवर नवे काही लिहिण्याआधी टेस्टडिस्कसारख्या साधनाने नोंद पुन्हा उभी करता येते. एसएसडीवर मात्र ट्रिम (मोकळी जागा पुसून टाकायला सांगणारी) आज्ञा गेली असेल तर ही आशा धरू नये.

लगतचा याचा अर्थ विंडोजपुरता अधिक कडक आहे. डिस्क मॅनेजमेंटमधील ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ ही सोय विंडोज व्हिस्टापासून (२००७) आली. ती मोकळी जागा सी ड्राइव्हच्या लगेच उजवीकडे असेल तरच चालते, नाहीतर तो पर्याय फिकट दिसतो. विंडोज १० च्या २००४ या क्रमांकाच्या आवृत्तीपासून रिकव्हरी पार्टिशन सी ड्राइव्हच्या लगेच मागे ठेवले जाते, त्यामुळे नेमके तेच मध्ये आडवे पडलेले आढळते. डायनॅमिक डिस्क करून विखुरलेले तुकडे जोडण्याचा सल्ला अजूनही दिला जातो, पण मायक्रोसॉफ्टनेच ती पद्धत मोडीत काढायला घेतली आहे. जागेचा नवा ड्राइव्ह करून तो फोटो आणि दस्तऐवजांसाठी वापरणे हा सर्वांत निर्धोक मार्ग. गरज एवढीच असते, तरी लोक सी ड्राइव्हच वाढवण्याचा हट्ट धरतात.

हट्टच असेल, तर मधले पार्टिशन सरकवावे लागते. माहिती शाबूत ठेवून पार्टिशनचा आकार बदलणारी साधने १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात आली. फिप्स हे मुक्त साधन आधीचे की पॉवरक्वेस्ट कंपनीचे पार्टिशनमॅजिक, याविषयी एकवाक्यता नाही. फिप्स केवळ पार्टिशनचे दोन भाग करी, सरकवणे आणि वाढवणे पार्टिशनमॅजिकने सामान्य वापरकर्त्याच्या हाती दिले, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल. आज हे काम पेनड्राइव्हवरून सुरू होणाऱ्या जीपार्टेडने होते. त्याआधी विंडोजचे ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करून संगणक पूर्ण बंद करावा लागतो, नाहीतर विंडोजचे (एनटीएफएस) पार्टिशन अर्धनिद्रेत राहते आणि जीपार्टेड त्याला हात लावत नाही.

पार्टिशनची उजवी कड पुढे नेणे हे काही क्षणांचे काम आहे. डावी कड हलवायची असेल, तर आतली सगळी माहिती उचलून दुसरीकडे मांडावी लागते. काही शे जीबीच्या फिरत्या डिस्कवर याला तास लागतात आणि मध्येच वीज गेली तर ते पार्टिशन हातचे जाते.

कोकणात हा मुद्दा गौण नाही. पावसाळ्यात वादळवाऱ्याने तारा तुटणे किनारपट्टीवर नित्याचे आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या परिसरात धडकल्यावर रायगड आणि उत्तर रत्नागिरीतील बऱ्याच गावांत वीज परतायला अनेक दिवस लागले. बॅटरी गेलेला जुना लॅपटॉप इन्व्हर्टरशिवाय या कामाला लावू नये. आधीचा बॅकअपही त्याच खोलीत ठेवू नये. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले, तेव्हा तळमजल्यावरचे मूळ आणि प्रत दोन्ही एकदमच भिजले असणार.

बूटलोडर (संगणक सुरू होताना सिस्टिम चालू करणारा प्रोग्रॅम) : जागेपेक्षा जास्त घोळ इथे होतो. लिनक्सचा ग्रब हा बूटलोडर स्वतःच्या उरलेल्या फाइली लिनक्सच्याच पार्टिशनमधून वाचतो. ते आधी काढले की संगणक सुरू होताना काळ्या पडद्यावर ‘नो सच पार्टिशन’ आणि खाली ‘ग्रब रेस्क्यू’ एवढेच उमटते. विंडोज शाबूत असते, फक्त तिथपर्यंत कुणी नेत नाही. एमबीआर संगणकावर विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हमधून ‘बूटरेक’ची ‘फिक्सएमबीआर’ आज्ञा दिली, की बहुधा काम भागते. यूईएफआय संगणकावर सेटिंगमध्ये जाऊन ‘विंडोज बूट मॅनेजर’ला पहिला क्रमांक द्यावा, तो चालतो याची खात्री करावी आणि मगच लिनक्स काढावे. तिथे ग्रबची फाइल छोट्या, फॅट३२ पद्धतीच्या ईएफआय पार्टिशनमध्ये मागे उरते. तेवढे फोल्डर काढावे. ते पार्टिशन मात्र दोन्ही सिस्टिमचे सामाईक असल्याने त्याला हात लावू नये. विंडोजची बिटलॉकर ही कूटबद्धीकरणाची सोय चालू असेल, तर या बदलांनंतर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती आधीच लिहून ठेवलेली बरी.

कोकणातील वापर : दुसरी सिस्टिम घरात येते ती प्रामुख्याने शिक्षणामुळे. लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ (स्थापना १९८९) आणि मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालये यांच्या संगणक अभ्यासक्रमांत लिनक्स असते, तर एमएस-सीआयटीसारखा सार्वत्रिक अभ्यासक्रम विंडोजवर चालतो. सी-डॅकच्या बॉस लिनक्समध्ये मराठीची सोय असली, तरी घरोघरी दिसते ते उबुंटू. गणपतीत आलेला चाकरमानी भाचा मामाच्या लॅपटॉपवर ते हौसेने घालून जातो आणि शिमग्यापर्यंत ‘सी ड्राइव्ह भरला’ म्हणून तो लॅपटॉप कुडाळच्या नाहीतर चिपळूणच्या दुकानात पोचतो. दुकानदार अशा वेळी पुष्कळदा सगळी डिस्क फॉरमॅट करून विंडोज नव्याने घालतात. वेळ वाचतो हे खरे, पण केवळ मोकळ्या जागेसाठी तेवढे करण्याचे कारण नसते.

उलट प्रकार : विंडोज काढून लिनक्स ठेवल्यास मोकळी जागा बहुधा डावीकडे येते आणि लिनक्सचे पार्टिशन सरकवावे लागते. एलव्हीएम (अनेक तुकड्यांचा एक समूह मानणाऱ्या) पद्धतीने बसवलेल्या लिनक्सला लगतपणाची अट नाही. डिस्कवर कुठेही असलेला तुकडा समूहात घेऊन एक्स्ट४ फाइलप्रणाली चालू स्थितीतच वाढवता येते.