मॅन्युअल लिहून घेणे : फ्रीलान्स तांत्रिक लेखकाची नेमणूक

उत्पादनाची बसवणी, वापर, देखभाल आणि दुरुस्ती सांगणारी पुस्तिका कंपनीच्या पगारावर नसलेल्या लेखकाकडून ठरीव मोबदल्यात तयार करून घेण्याचा व्यवहार. बडोद्यात मकरपुरा, वाघोडिया, पोर-रमणगामडी आणि सावलीकडचे मंजुसर या वसाहतींतल्या लहान-मध्यम कारखान्यांत तो नेहमीचा आहे. पंप, व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर, स्विचगिअर किंवा औषधनिर्मितीची यंत्रे बनवणाऱ्यांकडे पूर्णवेळ लेखकाला वर्षभर पुरेल इतके काम नसते. नवे मॉडेल निघाले किंवा परदेशी ऑर्डर आली की मात्र मॅन्युअल लागतेच, आणि त्याची आठवण बहुधा यंत्र पॅकिंगला गेल्यावर होते.

या कामासाठी मिळणारी माणसे साधारण तीन प्रकारची असतात. निवृत्त मेंटेनन्स किंवा सर्व्हिस इंजिनिअर यंत्र चटकन ओळखतात, पण ज्याने ते कधी पाहिलेले नाही अशा वाचकासाठी लिहिताना मधल्या पायऱ्या गाळतात. सॉफ्टवेअर कंपन्यांतून बाहेर पडलेले लेखक रचना आणि साधने उत्तम जाणतात. त्यांना शॉप फ्लोअरवर दोन-तीन दिवस उभे करावे लागते. तिसरे भाषांतरकार. मूळ मजकूर हाती नसताना त्यांना मॅन्युअल लिहायला सांगणे म्हणजे दोघांचीही फसगत. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखेतले, म्हणजे १८९० साली सुरू झालेल्या कलाभवनाच्या परंपरेतले, शेवटच्या वर्षाचे विद्यार्थीही काही कारखाने घेतात. फोटो काढणे, पार्ट लिस्ट जुळवणे, आकृत्यांना क्रमांक घालणे यासाठी ते उपयोगी पडतात. सुरक्षिततेचे प्रकरण त्यांच्यावर सोडू नये.

नेमण्यापूर्वी

लेखक शोधण्याआधी कंपनीने स्वतःचा माणूस ठरवावा. लेखकाच्या प्रश्नांना उत्तर देणारा, मजकुरावर सही करणारा एकच इंजिनिअर. रखडलेल्या बहुतेक कामांच्या मुळाशी हा माणूस ठरलेला नसणे हेच कारण सापडते. डिझाइनवाला म्हणतो सर्व्हिसला विचारा, सर्व्हिसवाला साइटवर असतो, आणि लेखक जुन्या मॉडेलची फाइल उघडून नाव बदलत बसतो.

वेळेचा अंदाज पानांवरून बांधतात. नव्या मजकुराच्या एका तयार पानाला, माहिती गोळा करण्यापासून शेवटच्या दुरुस्तीपर्यंत, ढोबळमानाने ४ ते ६ तास धरावेत. ४० पानांच्या मॅन्युअलला पानी ५ तास धरले तर २०० तास. दिवसाला ६ कामाचे तास या हिशेबाने ३३-३४ दिवस, म्हणजे पाच दिवसांच्या आठवड्याने सुमारे सात आठवडे. याच्या साधारण पाचव्या हिश्शाइतका, म्हणजे ४० तासांच्या आसपास, वेळ कंपनीच्या इंजिनिअरचा जातो. मालकांना हा दुसरा आकडा सांगितला की ते दचकतात, पण तो टाळता येत नाही. तो आधी दिला नाही तर पुढे सर्व्हिस कॉलच्या रूपाने द्यावा लागतो.

लेखकाच्या हाती पहिल्या दिवशी द्यायच्या वस्तू अशा : जनरल अरेंजमेंट ड्रॉइंग (यंत्राची एकूण मांडणी दाखवणारे) आणि त्याचा चालू रिव्हिजन क्रमांक, बिल ऑफ मटेरियल (लागणाऱ्या भागांची यादी), इलेक्ट्रिकल सर्किट, पीएलसी (यंत्राचे नियंत्रण करणारा संगणक) आणि एचएमआयच्या (ऑपरेटरच्या पडद्याच्या) सर्व स्क्रीनचे फोटो, अलार्मची यादी, विकत घेतलेल्या मोटर-गिअरबॉक्स-सेन्सरची मूळ मॅन्युअल्स, टेस्ट रिपोर्ट आणि गेल्या वर्षभरातल्या सर्व्हिस कॉलचे रजिस्टर. शेवटची वस्तू कोणी आपणहून देत नाही. खरे तर दोषनिवारणाचे प्रकरण त्याच रजिस्टरमधून लिहायचे असते. डिझाइनरला सुचणारे बिघाड आणि गिऱ्हाइकाकडे होणारे बिघाड क्वचितच एक असतात.

जोखमीचे मूल्यमापन हे लेखकाचे काम नव्हे. आयएसओ १२१०० या मानकात धोका कमी करण्याचे तीन टप्पे क्रमाने दिले आहेत : आधी डिझाइनच सुरक्षित करणे, मग गार्ड व इतर संरक्षक साधने, आणि त्यानंतरही उरलेल्या धोक्यांची माहिती वापरणाऱ्याला देणे. मॅन्युअल तिसऱ्या टप्प्यावर येते. उघड्या चेन-ड्राइव्हला गार्ड लावायचे सोडून ‘हात घालू नये’ असे ठळक छापून घेण्याचा आग्रह अनेकदा होतो. जाणता लेखक ते लिहिण्याआधी गार्डचे काय, असे विचारतो.

निवड

जुन्या कामाचे नमुने मागावेत, पण ते मिळाले नाहीत म्हणून उमेदवार बाद करू नये. चांगल्या लेखकाचे बरेचसे काम गोपनीयतेच्या कराराखाली असते. अशा वेळी कंपनीचे नाव काढून अनुक्रमणिका आणि एखादे पान दाखवायला सांगावे. अनुक्रमणिकेवरून पुष्कळ कळते. ‘प्रस्तावना, वैशिष्ट्ये, फायदे’ अशी सुरुवात असेल तर ते ब्रोशर आहे. यंत्र उतरवून घेणे, उचलण्याचे बिंदू, पाया, जोडणी, पहिली चालू-चाचणी, रोजचा वापर, ठरावीक देखभाल, बिघाड, सुटे भाग आणि अखेरीस यंत्र मोडीत काढणे, असा यंत्राच्या आयुष्याचा क्रम दिसला तर लेखक धंद्यातला आहे.

यापेक्षा खात्रीची परीक्षा म्हणजे पैसे देऊन घेतलेला छोटा नमुना : एकच कृती, दोन पाने, यंत्रापाशी अर्धा दिवस. फुकट नमुना मागू नये. चांगले लेखक देत नाहीत. नमुन्याच्या भाषेपेक्षा लेखकाने विचारलेले प्रश्न जास्त बारकाईने पाहावेत. फिटर बेल्ट चढवताना म्हणतो, ‘थोडुं ढीलुं राखवानुं’. कच्चा लेखक ‘बेल्ट किंचित सैल ठेवावा’ एवढे लिहून मोकळा होतो. पक्का लेखक विचारतो, थोडे म्हणजे किती? दोन पुलींच्या मध्यावर किती जोर लावल्यावर किती मिलिमीटर दबला पाहिजे? मोजायचे कशाने? नव्या बेल्टला तेवढेच की कमी?

फ्लँज (पाइपांच्या टोकांच्या, बोल्टने जोडायच्या कडा) जोडणीचेही तेच. ‘बोल्ट नीट आवळा’ या वाक्यावर प्रत्येक फिटर आपापल्या हाताच्या जोराने वागतो, गॅस्केट (मधली गळतीरोधक चकती) एका बाजूला चेपते आणि गळती लागते. लिहिण्याजोगी सूचना अशी : आठ बोल्ट १-५-३-७-२-६-४-८ या क्रमाने तीन फेऱ्यांत आवळा. अंतिम टॉर्क (आवळण्याचा पिळाचा जोर) १८० न्यूटन-मीटर असेल तर पहिली फेरी ५४, दुसरी १०८, तिसरी १८०. शेवटी त्याच टॉर्कने गोल क्रमाने एक फेरी घ्या. बोल्टला वंगण लावायचे की कोरडे ठेवायचे तेही लिहावे लागते, कारण टॉर्क तोच असला तरी वंगण लावलेला बोल्ट जास्त ताणला जातो. ड्रॉइंगमध्ये टॉर्क किलोग्रॅम-मीटरमध्ये आणि पान्यावर न्यूटन-मीटरमध्ये असेल तर घोटाळा जवळजवळ दहापटीचा होतो. दोन्ही एकके कोष्टकात शेजारी-शेजारी द्यावीत.

मोबदला व करार

मोबदला पानावर, तासावर किंवा उक्ता ठरतो. पानावर ठरवला की फोटो मोठे होतात आणि रिकाम्या जागा वाढतात. शब्दावर ठरवला तर एका ओळीचे काम तीन ओळी घेते. यंत्र तयार असेल आणि कामाची व्याप्ती स्पष्ट असेल तर उक्ता भाव सर्वांत बरा. डिझाइन अजून बदलत असेल तर तासाचा दर आणि वर मर्यादा. उक्त्या कामात ३० टक्के सुरुवातीला, ४० टक्के पहिल्या पूर्ण मसुद्यावर आणि ३० टक्के अंतिम फाइलवर, अशी विभागणी दोघांनाही सोयीची पडते. दुरुस्तीच्या दोन फेऱ्या भावात धराव्यात, तिसरीचे वेगळे पैसे. डिझाइन बदलल्यामुळे होणारी दुरुस्ती या फेऱ्यांत मोजायची नाही हेही लिहून ठेवावे. भांडणे इथेच होतात.

मजकुराची मालकी हा बहुतेकांच्या ध्यानात न येणारा मुद्दा. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे नोकरीत केलेल्या लेखनाचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, नोकरी देणारा असतो. फ्रीलान्सर नोकर नसल्यामुळे केवळ पैसे चुकते केल्याने मॅन्युअलचा कॉपीराइट कंपनीकडे येत नाही. कलम १९ प्रमाणे लेखी, सही केलेले हस्तांतरण लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, आणि वेगळे काही ठरलेले नसताना वर्षभरात हक्क वापरला नाही तर त्याचे हस्तांतरण संपुष्टात आले असे मानतात. निर्यात करणाऱ्याने ‘पूर्ण मुदतीसाठी, जगभर’ हे शब्द करारात घालून घ्यावेत.

त्याच करारात मूळ फाइल्सचा उल्लेख हवा. नुसती पीडीएफ घेऊन काम बंद करणाऱ्या कंपनीला पुढच्या वर्षी एक पार्ट नंबर बदलायलाही पुन्हा त्याच लेखकाचे दार ठोठवावे लागते. वर्ड, फ्रेममेकर किंवा फ्लेअर या लेखन-सॉफ्टवेअरची फाइल, आकृत्यांच्या संपादनक्षम फाइल्स आणि मूळ आकाराचे फोटो, सगळे ताब्यात घ्यावे. गोपनीय ड्रॉइंग एआयच्या सार्वजनिक सेवांवर चढवायची नाहीत, हे कलमही आता लागते. मसुद्यासाठी अशी साधने वापरायला हरकत नाही, पण ती न दिलेला टॉर्क किंवा तेलाचा ग्रेडही आत्मविश्वासाने लिहून देतात. म्हणून प्रत्येक आकड्यासमोर तो कोणत्या ड्रॉइंगवरून किंवा रिपोर्टवरून घेतला याची वेगळी तपासयादी लेखकाकडून मागावी.

करांचे थोडक्यात. १९६१ च्या आयकर कायद्यात कलम १९४जे खाली व्यावसायिक सेवेच्या बिलावर १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) असे आणि १ एप्रिल २०२५ पासून कपात न करण्याची वार्षिक मर्यादा ५०,००० रुपये झाली. १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा लागू असल्यामुळे कलमांचे क्रमांक बदलले, म्हणून अकाउंटंटला विचारून घ्यावे. पॅन दिला नाही तर कपात जास्त होते. लेखकाची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर गुजरातमध्ये त्याला सेवेवर जीएसटी नोंदणी सक्तीची नसते. त्याने उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) केली असेल तर एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायदा, २००६ च्या कलम १५ प्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. करारात मुदतच नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, मासिक चक्रवाढीने व्याज लागते. ‘पार्टीचे पेमेंट आले की देतो’ ही मकरपुऱ्याची रीत इथे कायद्याला धरून नाही.

लेखन व तपासणी

पहिले दोन-तीन दिवस लेखकाने यंत्रापाशी घालवावेत, शक्यतो फायनल असेंब्ली आणि टेस्टिंग चालू असताना. फोटो तेव्हाच काढले जातात आणि एक ठरलेली चूक तेव्हाच होते : गार्ड अजून बसवलेले नसतात. तोच फोटो ‘यंत्र चालू करणे’ या प्रकरणात छापला की कंपनी स्वतःच गार्डविना चालवण्याची परवानगी दिल्यासारखे होते. अपघात झाला तर पहिले बोट त्या पानावर पडते. दुसरी चूक म्हणजे फोटोत दुसऱ्याच गिऱ्हाइकाची नेमप्लेट दिसणे.

एका पायरीत एकच कृती, क्रियापद आज्ञार्थी, आणि धोक्याची सूचना त्या कृतीच्या आधी. हे नियम सर्वमान्य आहेत. मॅन्युअलच्या इंग्रजीसाठी एएसडी-एसटीई१०० हे मानक कृतीच्या वाक्याला २० आणि वर्णनाच्या वाक्याला २५ शब्दांची मर्यादा घालते. मराठीत शब्दांचा हिशेब वेगळा पडतो, तरी शिस्त तीच चालते. वापरसूचनांचे एकूण स्वरूप आयईसी/आयईईई ८२०७९-१ या मानकात, २०१९ च्या आवृत्तीत, दिले आहे. सॉफ्टवेअर उत्पादन असेल तर मजकूर मार्कडाउनमध्ये (साध्या खुणांनी मांडणी दाखवण्याच्या पद्धतीत) लिहून कोडच्याच गिट रिपॉझिटरीत (प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साठ्यात) ठेवावा, म्हणजे रिलीज आणि पुस्तिका एकत्र चालतात.

मसुद्यावरचे सर्वांचे शेरे एकाच फाइलमध्ये यावेत आणि ठरलेल्या इंजिनिअरने ते आपसात जुळवूनच लेखकाला द्यावेत. तपासणीला सात कामाचे दिवस पुरतात. ‘उत्तर आले नाही म्हणजे मंजूर’ हा नियम बाकी प्रकरणांना चालेल, सुरक्षितता आणि विद्युतजोडणीला सहीच हवी. शेवटी दुसऱ्या विभागातला, हे यंत्र न चालवलेला माणूस मसुदा हातात धरून ते चालवून पाहतो. जवळ उभ्या इंजिनिअरने तोंड उघडायचे नाही. चालवणारा जिथे अडेल तिथे मजकूर चुकला आहे, माणूस नव्हे.

भाषा

बडोद्याहून जाणारे यंत्र महाराष्ट्रात गेले तर मराठी, जवळपास राहिले तर गुजराती, अन्यत्र हिंदी प्रत ऑपरेटरसाठी मागितली जाते. भाषांतर मूळ इंग्रजी गोठल्यावरच सुरू करावे, नाहीतर प्रत्येक बदल चार ठिकाणी करावा लागतो. बटणांची आणि स्क्रीनवरची नावे भाषांतरित करू नयेत. पॅनेलवर ‘रीसेट’ लिहिलेले असताना पुस्तिकेत ‘पुनःस्थापन’ शोधणारा ऑपरेटर हैराण होतो. मजकूर युनिकोडमध्येच मागावा. श्रीलिपी किंवा टेराफॉन्टच्या जुन्या फॉन्टांतली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अगम्य अक्षरे दिसतात आणि पुढे शोधता-बदलता येत नाही.

युरोपात विकायचे यंत्र असेल तर मशिनरी डायरेक्टिव्ह २००६/४२/ईसी प्रमाणे सूचना त्या देशाच्या अधिकृत भाषेत लागतात. मूळ प्रतीवर ‘मूळ सूचना’ आणि भाषांतरावर ‘मूळ सूचनांचे भाषांतर’ असा उल्लेख हवा. त्याची जागा घेणारे नियमन २०२३/१२३० हे २० जानेवारी २०२७ पासून लागू होते. त्यात डिजिटल सूचना चालतात, पण खरेदीच्या वेळी मागितल्यास कागदी प्रत महिन्याभरात विनामूल्य द्यावी लागते.

काम संपल्यावर

प्रत्येक मॅन्युअलवर त्याचा क्रमांक, आवृत्ती, तारीख आणि ते कोणत्या सीरियल नंबरपासूनच्या यंत्रांना लागू आहे हे छापलेले असावे. पुरवठादार बदलला आणि बेअरिंगचा किंवा सेन्सरचा मेक बदलला की खरेदी विभागाने त्या बदलाची चिठ्ठी मॅन्युअल सांभाळणाऱ्याकडेही पाठवावी. एरवी ही साखळी स्टोअरपाशीच तुटते. त्याच लेखकाशी वर्षाला ठरावीक तासांचा देखभाल-करार केला तर लहान बदल पटकन होतात. तो नको असेल तर मूळ फाइल्स, फॉन्ट आणि साधनाची आवृत्ती लिहिलेली एक पानाची नोंद शेवटच्या हप्त्याआधी मागून घ्यावी, म्हणजे पुढचा लेखक तिथून काम उचलू शकतो.