कॉमन-मोड फीडबॅक

दोन आउटपुट असलेल्या, म्हणजे पूर्ण डिफरेन्शियल, अ‍ॅम्प्लिफायरमध्ये त्या दोन्ही आउटपुटची सरासरी ठरावीक पातळीवर धरून ठेवणारे स्वतंत्र नियंत्रण. या सरासरीला कॉमन-मोड व्होल्टेज म्हणतात. सिग्नल असतो तो दोन आउटपुटमधल्या फरकात, सरासरीत नव्हे. पण ती सरकली की सिग्नलला वरखाली व्हायला जागाच उरत नाही.

ती का सरकते, हे एका हिशेबाने कळेल. सप्लाय १.८ व्होल्ट आहे आणि सरासरी ०.९ व्होल्टवर हवी आहे. प्रत्येक बाजूला वरचा करंट सोर्स ५०.५ मायक्रोअँपिअर देतो, खालचा ५०च ओढतो. चिपवर एक टक्क्याची अशी तफावत काही विशेष नाही. उरलेल्या ०.५ मायक्रोअँपिअरला आउटपुटच्या रेझिस्टन्सशिवाय वाट नाही. तो १ मेगाओहम असेल तर दोन्ही आउटपुट ०.५ व्होल्टने वर चढून १.४ वर जातात. रेझिस्टन्स याच्या दुप्पट धरला तर उत्तर सप्लायच्याही वर जाते. प्रत्यक्षात त्याआधीच वरचा ट्रान्झिस्टर सॅच्युरेशनमधून, म्हणजे करंट सोर्स म्हणून नीट चालण्याच्या स्थितीतून, बाहेर पडतो आणि गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) कोसळतो. म्हणजे जास्त गेनसाठी रेझिस्टन्स वाढवावा, तर हा प्रश्नही तितकाच वाढतो.

नेहमीचा फीडबॅक इथे कामी येत नाही. तो फरकावर चालतो, आणि दोन्ही आउटपुट मिळून वर गेली तर फरक शून्यच राहतो. म्हणून दुसरे लूप लागते: सरासरी मोजायची, संदर्भ व्होल्टेजशी ताडायची आणि करंट सोर्सच्या गेटवर दुरुस्ती पाठवायची.

यात मोजणीच जास्त छळते. आउटपुटमध्ये दोन समान रेझिस्टर जोडून मधला बिंदू घेणे सर्वांत सरळ, पण ते रेझिस्टर आउटपुटवर लोड टाकून गेन खातात. मध्ये सोर्स फॉलोअर (लोड न टाकता व्होल्टेज पुढे देणारा ट्रान्झिस्टर) घातला तर स्विंग, म्हणजे आउटपुटला वरखाली व्हायची जागा, कमी होतो. दोन डिफरेन्शियल जोड्यांनी (दोन व्होल्टेजमधला फरक ओळखणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या जोड्यांनी) मोजले तर रेझिस्टरचा लोड टळतो. मात्र सिग्नल मोठा झाला की जोड्या एका बाजूला पूर्ण कलतात आणि सरासरी चुकीची येते. पाइपलाइन एडीसीसारख्या (एडीसी म्हणजे अ‍ॅनालॉग सिग्नलचे आकड्यांत रूपांतर करणारे सर्किट) जिथे क्लॉक आधीच हाताशी असतो अशा सर्किटांत स्विच्ड-कपॅसिटर पद्धत, म्हणजे क्लॉकवर चालणारे स्विच आणि कपॅसिटर यांनी सरासरी मोजणे, वापरतात. तिला स्थिर करंट लागत नाही आणि मोठा स्विंगही ती पेलते. बदल्यात स्विचमधून येणारा चार्ज आणि वाढलेला कपॅसिटिव्ह लोड सोसावा लागतो.

हे लूपही इतर लूपसारखेच ऑसिलेट होऊ शकते. त्यामुळे पुष्कळदा करंट सोर्सचा काही भागच त्याच्या ताब्यात देतात, बाकीचा स्थिर बायसवर (न बदलणाऱ्या गेट व्होल्टेजवर) ठेवतात. नुसत्या एसी सिम्युलेशनवर विसंबणे धोक्याचे. दोन्ही आउटपुटमध्ये एकाच वेळी करंटची पायरी सोडून सरासरी किती वेळात आणि किती झोके घेत स्थिरावते, हे पाहावेच. सप्लाय चालू होतानाची चाचणी वेगळी, कारण काही दोन-स्टेज रचना त्या वेळी रेलला, म्हणजे सप्लाय किंवा ग्राउंडच्या पातळीला, चिकटून बसतात.

तयार आयसीत हे लूप आतच असते. एडी८१३८सारख्या अ‍ॅम्प्लिफायरला त्यासाठी ‘व्हीओसीएम’ नावाची पिन आहे. तिला दिलेले व्होल्टेज हीच आउटपुटची सरासरी. पुढच्या एडीसीला हवी असलेली पातळी तिथूनच ठरवतात.