पार्श्वभूमी : गवताच्या गंजीनं घडवलेला रँचर

अमेरिकेतल्या मोंटाना, वायोमिंग किंवा पश्चिम टेक्सासमधल्या छोट्या गावांच्या वर्तमानपत्रांत एखाद्या म्हाताऱ्या रँचरची, म्हणजे मोठ्या कुरणावर गुरं पाळणाऱ्याची, निधनवार्ता येते, तेव्हा तिच्यात तीन गोष्टी हमखास असतात. मुला-नातवंडांची नावं, चर्च, आणि आजोबांनी धरलेली जमीन अजून घरातच आहे ही नोंद. वाचताना वाटतं, या लोकांचा स्वभावच असा असावा. स्वभाव असेलही, पण त्यामागे मोठा इतिहास आहे, आणि त्यातला बराचसा पावसाचा आणि गवताचा आहे.

मुळात हा धंदा इंग्रजी बोलणाऱ्यांचा नव्हेच. 'रँच' हा शब्द स्पॅनिश 'रांचो'वरून आला. घोड्यावर बसून गुरं वळायची, फास टाकून पकडायची आणि तापल्या लोखंडानं डागायची पद्धत मेक्सिकोतल्या 'वाकेरो' गुराख्यांची. जमीन तर त्याहून आधीची, दुसऱ्यांची. टेक्सासच्या उत्तरेतल्या पालो ड्युरो दरीत कोमांची या मूळनिवासी लोकांचा हिवाळी तळ असायचा. सप्टेंबर १८७४मध्ये अमेरिकी सैन्यातल्या कर्नल मॅकेन्झीच्या फौजेनं तो उधळला आणि पकडलेले हजारावर घोडे गोळ्या घालून मारले, म्हणजे पायी पडलेल्या लोकांना शरण येण्यावाचून मार्ग उरू नये. पुढच्या दोन वर्षांतच चार्ल्स गुडनाइट हा रँचर आपली गुरं घेऊन त्या दरीत उतरला. रँचरच्या जमिनीवरच्या प्रेमाबद्दल लिहिताना हे वगळणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही.

त्या काळचं कुरण उघडं होतं. कुंपण नाही, सातबारा नाही. गवत सरकारच्या जमिनीवरचं आणि गुरं ज्याच्या डागाची त्याची. १८६२च्या होमस्टेड कायद्यानं कुटुंबामागे १६० एकर जमीन जवळपास फुकट मिळायची. आपल्याला १६० एकर म्हणजे जहागीर वाटेल. पण तिथं वर्षाला २० इंचही पाऊस पडत नाही आणि एका गाईलाच कित्येक एकर गवत लागतं. भूगर्भशास्त्रज्ञ जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८७८च्या अहवालात सरकारला स्पष्ट सांगितलं, की कोरड्या मुलखात गुरांवर जगणाऱ्या कुटुंबाला २,५६० एकर हवेत. कुणी ऐकलं नाही. १९०९मध्ये हद्द ३२० एकर झाली, १९१६मध्ये ६४०. तोवर हजारो घरं कर्ज करून, उपाशी राहून, उठून गेली होती.

दरम्यान बडे भांडवलदार आले. एडिंबरा-लंडनच्या गुंतवणूकदारांनी वायोमिंग-टेक्सासच्या कळपांत पैसा ओतला. कळप विकताना गुरं मोजायचीही तसदी कुणी घेत नसे. वहीतला आकडा हाच कळप. ऑस्टिनमधलं टेक्सासचं विधानभवन बांधून देण्याच्या बदल्यात राज्यानं एका मंडळीला तीस लाख एकर जमीन दिली आणि त्यातून एक्सआयटी रँच उभी राहिली. मालक शिकागोत, पैसा इंग्लंडचा, गुराखी पगारी. यात घर कुठंच नव्हतं.

मग १८८६ उजाडलं. उन्हाळा कोरडा गेला. कुरणांवर आधीच झेपणार नाहीत इतकी गुरं होती, गवत मुळापर्यंत खुडलेलं. नोव्हेंबरपासून बर्फ पडायला लागला. मध्येच थोडं ऊन पडून बर्फ वितळला आणि लगेच पुन्हा गोठला, त्यामुळे जमिनीवर काचेसारखा थर बसला. घोडा खुरानं बर्फ उकरून गवत काढतो. गाय तसं करत नाही. गुरं वाऱ्याच्या दिशेनं चालत राहिली, ओढ्या-घळींत आणि तारेच्या कुंपणाला अडून मेली. (काटेरी तारेचं ग्लिडन यांचं पेटंट १८७४चं, म्हणजे त्याला तेव्हा बाराच वर्षं झाली होती.) मोंटानात एका मालकानं आपल्या कळपाची खबर विचारली, तेव्हा तिथं गुरं राखणाऱ्या चार्ल्स रसेल या तरुणानं पत्राऐवजी पोस्टकार्डाएवढं चित्र रंगवून पाठवलं. बर्फात उभी असलेली एकच गाय, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी, आणि भोवती टपून बसलेले लांडगे. पुढं राष्ट्राध्यक्ष झालेल्या थिओडोर रूझवेल्ट यांचा डाकोटातला निम्म्याहून अधिक कळप त्या हिवाळ्यात गेला. वसंतात नद्या फुगल्या तेव्हा पाण्याबरोबर मेलेली गुरं वाहत होती.

माझ्या मते आज ज्याला आपण कुटुंबवत्सल रँचर म्हणतो, तो इथून सुरू झाला. वहीतल्या कळपांवर उभ्या असलेल्या कंपन्या बसल्या. टिकला तो ज्यानं उन्हाळ्यात गवत कापून, वाळवून गंज्या रचल्या आणि हिवाळ्यात रोज नेऊन घातल्या. गवत कापणं, कुंपण सांधणं, फेब्रुवारी-मार्चच्या गोठवणाऱ्या रात्री दर दोन तासांनी उठून व्यायला झालेल्या गाई बघणं, ही कामं महिन्याच्या पगारावर निभत नाहीत. त्याला घरची माणसं लागतात. बायको, मुलं, म्हातारा बाप, सगळे. कळप लहान झाले आणि घर मोठं झालं.

या घरातल्या बाईचा एकटेपणा मात्र फार कमी लिहिला गेला आहे. गुडनाइटची बायको मॉली पालो ड्युरोत आली तेव्हा शेजारीण म्हणावी अशी बाई कित्येक मैल जवळपास नव्हती. एका गुराख्यानं तिला तीन कोंबड्या आणून दिल्या. शिजवून खाण्यासाठी म्हणूनच आणल्या असतील. तिनं त्या पाळल्या. हाक मारली की त्या धावत यायच्या आणि बोलायला कुणीतरी असायचं, असं ती पुढं सांगत असे. दोघांना मूल नव्हतं. रँचवरच्या गुराखी पोरांचे सदरे ती शिवायची, त्यांची दुखणी काढायची, त्यांना लिहा-वाचायला शिकवायची. शिकाऱ्यांनी आया मारल्यामुळे पोरकी झालेली बायसन या अमेरिकी रानगव्यांची पिल्लंही तिनंच वाढवायला लावली. त्या कळपाचा वंश आज टेक्सासच्या कॅप्रॉक कॅन्यन्स उद्यानात चरतो आहे.

आणि श्रद्धा? ती अंतरामुळं वेगळ्या घाटाची झाली. चर्च दिवसाच्या वाटेवर, धर्मोपदेशक घोड्यावरून फिरणारा, महिन्या-दोन महिन्यांनी येणारा. १८९०मध्ये पश्चिम टेक्सासमधल्या फोर्ट डेव्हिसचे प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशक विल्यम ब्लॉइस यांनी आसपासच्या रँचवाल्यांना ओक झाडांच्या एका राईत बोलावलं. लोक तंबू आणि अंथरुणं घेऊन आले. व्यासपीठ म्हणजे अर्बकल कॉफीचं रिकामं लाकडी खोकं. मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, प्रेस्बिटेरियन, डिसायपल्स असे चार पंथ एकाच झाडाखाली बसले, कारण वेगवेगळं बसण्याइतके लोकच त्या मुलखात नव्हते. तो मेळा अजून दर ऑगस्टमध्ये भरतो. जेवण सर्वांना फुकट, दानाची थाळी फिरत नाही. आपल्याकडच्या जत्रेतल्या पंगती पाहिलेल्या माणसाला ही गोष्ट सांगायला नको.

जमिनीचं भांडण पुढंही चालू राहिलं. धुळीच्या वादळांनंतर १९३४च्या टेलर चराई कायद्यानं सरकारी कुरणांवर परवाना आणि शुल्क आलं. आज सुमारे १५.५ कोटी एकर सरकारी जमिनीवर अशी परवान्याची चराई चालते. त्यामुळे ज्या जमिनीवर रँचरचा जीव असतो, तिच्यातली बरीचशी त्याच्या नावावर नसतेच. सरकारशी त्याचं इतकं का बिनसतं, हे त्यावरून कळतं. जी नावावर आहे तिच्या किमती बंगले बांधणाऱ्यांनी एवढ्या वाढवल्या, की तीन भावंडांत वाटणी करायची म्हटली तरी विकावी लागते. कोलोरॅडोतल्या गुरेपालकांच्या संघटनेनं १९९५मध्ये यासाठी स्वतःचा न्यास काढला: मालक जमिनीवरचा बांधकामाचा हक्क कायमचा सोडतो, कुरण कुरणच राहतं. मला हा त्यातल्या त्यात शहाणा मार्ग वाटतो. पण गवत घालायला माणूस कुठून आणायचा, हे कागद सांगत नाही. २०२२च्या कृषिगणनेत अमेरिकी शेतकऱ्याचं सरासरी वय ५८.१ वर्षं निघालं.

डागाची खूणही वारशानं जाते. अक्षर आडवं पडलेलं असेल तर त्याला 'लेझी' म्हणतात, खाली कमान असेल तर 'रॉकिंग'. वाचायचं डावीकडून उजवीकडे, वरून खाली. मोंटानात प्रत्येक खूण दहा वर्षांनी सरकारदरबारी नव्यानं नोंदवावी लागते. मागची नोंदणी २०२१मध्ये झाली. पुढची २०३१मध्ये येईल, तेव्हा अर्जावर मुलाचं नाव घालायचं की मुलीचं, की खूण विकून टाकायची, हे बऱ्याच घरांत अजून ठरायचं आहे.